आठ दिवस जहाजावर

"थंडी लय," फोनमधून राजदीप म्हणाला. "आन् जहाज डोलते. मायले उलट्या होतीन."

पिंकीनं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली होती. डावीकडे ‘जायचं’, उजवीकडे ‘नाही’. शामकला चुलीपुढे बसून लेकाचा आवाज पोटभर ऐकत होती. डावीकडे तिनं एकच गोष्ट लिहायला लावली होती: राजदीप दिसेल. त्याला पाहून दोन वर्षं झाली होती, आणि पुढची सुट्टी कधी ते त्यालाही माहीत नव्हतं. उजवी बाजू मात्र तो एकटाच भरत होता, आणि त्याला पान पुरेना.

गंमत अशी, की आमंत्रण त्याचंच. इटलीहून सुटणाऱ्या जहाजावर तो नोकरीला. कंपनी घरच्यांना आठ दिवस फुकट फिरवणार म्हटल्यावर पठ्ठ्यानं हरखून फोन केला होता. भूमध्य समुद्र, ग्रीसची बेटं, मायलेकींना खिडकीची खोली. अख्ख्या केशोरी गावात बातमी गेली. ‘साहेबाची माय’ म्हणून शामकलाला मान होताच. बावीस वर्षं दवाखान्यातले संडास धुवत तिनं पोराला शिकवलं, आणि पोरगा जहाजाच्या ऑफिसात साहेब झाला. आणखी काय हवं?

"व्हिसासाठी मुंबईले जा लागन," राजदीप म्हणाला.

"जाऊ," पिंकी म्हणाली.

"तिथी भात नाही भेटत."

"तूच तं भेटते म्हणाला होता!"

"मी ड्युटीवर राहीन, पिंके. तुमच्या संगं फिरता नाही येणार मले."

"दुरून पाहू तुले काम करतानी. मायले तेवढंच पाहिजे."

जायचं शामकलाच्या किती मनात होतं, ते तिचं तिला ठाऊक. नागपूरहून पासपोर्ट आले होते. त्याला आवडतात म्हणून लाखोळीच्या डाळीच्या वड्या वाळवून झाल्या होत्या.

"बाबू, मी नाही येत," ती म्हणाली. "मले पाण्याचं भेव वाटते."

राजदीपनं सोडलेला श्वास दोघींनाही ऐकू आला. "बरं माय, तुयी मर्जी," तो म्हणाला. पुन्हा एकदा तेच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पिंकी वही आपटून उठली. "पाण्याचं भेव? तलावात गळ्यापर्यंत उतरून शिंगाडे काढते तू! खोटी काऊन बोलली?"

शामकलाला आता रडू आवरेना. तिनं दोन्ही हात लेकीपुढे धरले. संडास धुवायच्या ॲसिडनं बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलली होती.

"मागच्या खेपेस थो जेवाले बसला तवा पाह्यलं म्या," ती म्हणाली. "त्याचे बोटं असेच होते."