मागचे डोळे

ज्यांच्या शब्दावर विसंबून आपण गाडी मागे घ्यायला शिकलो, त्यांची दृष्टी मंदावली हे त्यांना सांगणे कठीण. आणि न सांगता प्रवाशांचे प्राण त्यांच्यावर सोपवणे हा अधर्म.

गडाच्या घाटात पर्यटकांची जीप चालवणारा सोपान गाड्यांच्या सामानाच्या दुकानात अस्वस्थ उभा होता. जीपमागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणाऱ्या वडिलांचा, आबांचा, अंदाज काल चुकला होता. मागचे चाक दरीच्या काठावर कसेबसे थांबले होते.

त्याने गाडीच्या मागे बसवायचा सर्वांत स्वस्त कॅमेरा तिसऱ्यांदा उचलून खाली ठेवला.

"अहो, कॅमेरा घेताय की मुलीसाठी स्थळ बघताय?" दुकानदार हसला.

"आबांना काय सांगू, तेच सुचत नाही."

"काही सांगू नकोस." जीपमधून उतरून आबा दारात आले होते. "स्वस्तातलाच घे, पण धुक्यात दिसेल असा. काल मला काठ दिसलाच नव्हता. बोलायची लाज वाटली."

कॅमेरा बसवून झाला. जीप मागे घेताना सारा रस्ता पडद्यावर स्वच्छ दिसत होता. कडेला आबा सवयीने हात हलवत होते. सोपानने मान बाहेर काढून विचारले, "येऊ का, आबा?"

"येऊ दे!"

विचारणाऱ्याचे आणि वाट दाखवणाऱ्याचे कल्याण असो.