लाजराचं दुपारचं मरण

लाजर सकाळी दहा चाळीसला मेलेल्यांतून उठला. तिसऱ्या टेकला. पहिल्या दोन वेळी पायांना गुंडाळलेल्या कफनाच्या पट्ट्या एकमेकींत अडकल्या आणि तो कबरीतून उठण्याऐवजी कबरीतून पडला. उठला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर यातलं काहीच घडलेलं नाही असं धरून चालायचं ठरलं. कारण तो मरायचा अजून बाकी होता.

चूक कुणाचीच नव्हती. प्लायवुडची गुहा दुपारी दुसऱ्या मालिकेला हवी होती. तिच्यात दरोडेखोर लपणार होते. म्हणून बायबलच्या या मालिकेत येशूचा चमत्कार आधी, लाजराचं आजारपण नंतर.

गोंधळ फक्त एका शब्दाचा झाला. लाजराची बहीण मार्था हिने गुडघे टेकून, वर बघत आभार मानायचे होते. त्याऐवजी मार्था झालेल्या बाईने उठलेल्या भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "मेल्या, होतास कुठे?"

सगळं युनिट हसलं. दिग्दर्शक हसला नाही.

"ताई, जो खरंच मेला होता त्याला मेल्या म्हणता येत नाही. ती शिवी राहत नाही, नुसती माहिती होते."

"मी माझ्या भावाला हेच म्हणायचे."

"पण तो मेला नव्हता ना?"

"तेव्हा नव्हता," मार्था म्हणाली.

दिग्दर्शकाने मॉनिटरकडे बघितलं. मॉनिटर बंद होता. मग तो म्हणाला, "टेक ठेवू. शब्द डबिंगला बदलू."

दुपारी खोलीचा सेट लागला. खाट, पाण्याचं भांडं, तापाचा घाम म्हणून कपाळावर ग्लिसरीन. लाजर मुकाट्याने आडवा झाला. मार्था बसेना. दारापर्यंत जायची, परत यायची, चादर सारखी करायची, किती वाजले विचारायची, उत्तर न ऐकता पुन्हा विचारायची.

"ताई, चादर नका ना नीट करू," कंटिन्युइटीवाली म्हणाली. मागच्या शॉटमध्ये कुठली सुरकुती कुठे होती हे लक्षात ठेवणं हे तिचं काम. "तुम्ही नीट केलीत की जुळत नाही."

"एकदा उठवलाय ना ह्याला? मग परत कशाला मारायचा?"

"मेला तर उठेल ना, ताई," दिग्दर्शक म्हणाला.

"सकाळी न मरताच उठला की."

दिग्दर्शकाने घड्याळ बघितलं आणि 'ॲक्शन' म्हटलं.

लाजर झालेला नट प्रेतांच्या भूमिकांत नाव काढलेला होता. पोलिसी मालिकांमध्ये त्याला नदीतून, विहिरीतून आणि एकदा फ्रीजमधून बाहेर काढलेलं होतं. श्वास रोखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज होतं. मार्थाने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

पहिल्या टेकला त्याची छाती हलली. दुसऱ्याला पापणी. तिसऱ्याला तो अगदी छान मरत आला होता, तेवढ्यात त्याने स्वतःच डोळे उघडून, तिचं बरं आहे ना ते बघितलं. चौथ्याला मेला, पण "आई गं!" म्हणून.

"काय चाललंय काय?" दिग्दर्शक ओरडला. "अरे, तू मरण्यात मुरलेला माणूस!"

"ताई सोडत नाहीत हो. इतकं घट्ट धरल्यावर माणसाला मरता येत नाही."

"ताई, सोडा थोडं. शेवटच्या वाक्याला हात गळून पडायला हवा."

"नाही सोडणार."

"अहो, पण का?"

मार्थाने उत्तर लाजराला दिलं, बस चुकल्याचं सांगावं तशा आवाजात. "मी पोचले तेव्हा त्याला झाकून ठेवलं होतं. हात चादरीच्या आत होते. शोधावे लागले."

कुणीतरी पंखा बंद केला. कुणीतरी पुन्हा लावला. लाजराच्या कपाळावरचं ग्लिसरीन कानात उतरलं, पण त्याने ते पुसलं नाही.

"धरा मग," तो हळूच म्हणाला. "मी आहे सहा वाजेपर्यंत."

सहाला पॅकअप झालं. लाजर पंधरा टेकमध्ये एकदाही धड मेला नव्हता. दिग्दर्शक गाडीत जाऊन बसला. दृश्य अपूर्ण राहिलं तर जबाबदार कलाकाराने कारण लेखी द्यावं, असा कंपनीचा नियम होता. कंटिन्युइटीवालीने कागद आणि पेन पुढे केलं, आणि "काहीही लिहा, ताई, वाचत कुणीच नाही," असा धीरही दिला.

मार्थाने उभ्याउभ्याच लिहिलं :

'मा. निर्मिती व्यवस्थापक यांस,

विषय : दृश्य क्र. ३१ (लाजराचे निधन) अपूर्ण राहिल्याबाबत, तसेच रजेबाबत.

महोदय, सदर इसम आज सकाळी जिवंत झालेला असल्याने दुपारी मरू शकला नाही. आपल्याकडे नंतरचे आधी उरकून घेण्याची पद्धत आहेच. त्याच पद्धतीस अनुसरून, गेल्या महिन्याच्या अकरा तारखेसाठी भावाच्या आजारपणामुळे मी मागितलेली व आपण नामंजूर केलेली एक दिवसाची रजा आता मंजूर करावी, निदान मला त्या दिवशी दुपारी दोनच्या आत सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.'