बोलका व्हॉल्व्ह

दुकानदाराने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तपासायला अॅम्प्लिफायरवर बसवलेल्या, बल्बसारख्या दिसणाऱ्या रेडिओच्या व्हॉल्व्हच्या काचेवर टिचकी मारली. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून 'टक' असा आवाज आला, दारावर कुणी थाप मारावी तसा.

"हा बोलका आहे," तो म्हणाला. "आतलं काहीतरी सैल झालंय. अॅम्प्लिफायरला जरा हात लागला की स्पीकरमधून ऐकू येणार."

"आणि तो खोक्यातला?"

"तो अगदी कोरा. पण किंमत सांगितली तर तुझीच वाचा बसेल."

ती हसली. मधल्या किमतीचा एक होता, छाप पुसट झालेला. तिने तो उजेडात धरला. काचेच्या डोक्यावरचा रुपेरी मुलामा जवळजवळ उडाला होता, म्हणजे हा फार दिवसांचा सोबती नव्हता. तिने तो परत ठेवला आणि बोलक्याकडे बोट दाखवलं.

"हाच देऊन टाका काका. आमच्या घरात हलतंय कोण?"

 दुकानदार व्हॉल्व्ह काढून कागदात गुंडाळत म्हणाला, "बाबा कसे आहेत?"

"आहेत तसेच. पण गाणं लागलं की खुलतात."

हे तिचं मत. डॉक्टरांचं मत वेगळं होतं. पक्षाघातानंतर त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही, आणि उजव्या हाताचं बोट हलतं ती नुसती थरथर, असं ते म्हणत. डॉक्टर काय, वह्या भरतात आणि जातात, असं ती म्हणे.

"तुझे बाबा तासभर व्हॉल्व्ह तपासायचे, पण तोंडातून एक शब्द काढायचे नाहीत," दुकानदार म्हणाला.

तिला ते चांगलंच आठवत होतं. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कान स्पीकरला लावलेला, त्यामुळे बोलायची सोय नाही. बोटाने टेबलावर एकदा टक केलं की व्हॉल्व्ह चांगला, तिने तो फळीवर ठेवायचा; दोनदा केलं की भंगाराच्या डब्यात टाकायचा. पुढे ही खोड घरीही आली. आणखी वाढू का, विचारलं की ताटाशेजारी एकच टक म्हणजे हो, टक टक म्हणजे नको. आई वैतागून म्हणायची, देवाने तोंड कशाला दिलंय?

घरी आल्यावर तिने बाबांची उशी नीट केली. "खिडकी उघडू का बाबा? उघडते हं, तुम्हाला वारा हवाय." विचारायची तीच आणि उत्तर द्यायचीही तीच. नोकरी सोडल्यापासून दिवसभर तिचं हेच चालायचं.

बाबांनी स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर पलंगाच्या उशाच्या रुंद फळीवर होता. तिने व्हॉल्व्ह बसवला. काचेच्या आत हळूहळू लाल उजेड धरला आणि स्पीकर घुमू लागला. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून तिला भरून आलं.

तेवढ्यात धाकटा भाऊ आला. त्याने पिशवी उशाच्या फळीवर टेकवली आणि स्पीकरमधून धाडकन आवाज आला. तो दचकलाच.

"घाबरू नकोस, व्हॉल्व्ह बोलका आहे," ती म्हणाली. "परवडण्यासारखा तोच होता."

भावाने पिशवी खाली ठेवली आणि तो खुर्चीत बसला. "ताई, शुश्रूषा केंद्रातून फोन आला होता. खोली रिकामी झालीय. तू हो म्हण, उद्या गाडी येईल."

'टक.'

"हा मेला व्हॉल्व्ह!" ती म्हणाली. "हे बघ, बाबा कुठेही जाणार नाहीत. ते इथेच राहणार, माझ्याजवळ."

'टक टक.'

"तुझ्या अॅम्प्लिफायरलाही पटत नाहीये," भाऊ म्हणाला. पण तो हसला नाही. "आरशात बघ एकदा. काय दशा करून घेतलीयस स्वतःची! बाबांना हे आवडलं असतं?"

"बाबांना काय आवडतं ते मला माहीत आहे. माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही."

'टक टक.'

तिचा पारा चढला. तिने अॅम्प्लिफायर तारांसकट उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवला. आवाज थांबला. खूप वेळ थांबूनही काही आलं नाही. तिने तो परत फळीवर ठेवला.

'टक.'

म्हणजे खोट व्हॉल्व्हची नव्हती. फळीला काहीतरी लागत होतं. ती वाकली आणि फळीवरून हात फिरवत पलंगाच्या कडेच्या पट्टीपर्यंत आली. तिथे बाबांचा उजवा हात होता. नेहमीसारखं थरथरणारं बोट किंचित उचललं गेलं आणि लाकडावर टेकलं. नुसत्या कानाला काहीच ऐकू आलं नसतं.

'टक.'

तिने भावाला ते बोट दाखवलं. 

"बाबा," भाऊ खुर्चीतून उठला. "बाबा, ऐकू येतं तुम्हाला?"

'टक.'

"सांगत होते ना मी!" ती रडत, हसत ओरडली. "ओरडून ओरडून सांगत होते सगळ्यांना! आणि तू निघाला होतास त्यांना टाकायला!"

भाऊ पांढराफटक पडला होता. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"आता मी सांगतच नाही. त्यांच्याच तोंडून ऐक." तिने डोळे पुसले, भावाचा हात धरून त्याला पलंगाशी ओढलं आणि बाबांच्या कानाशी वाकली.

"बाबा, त्या केंद्रात जायचंय तुम्हाला?"

बोट उचललं गेलं.

'टक.'

तिने भावाकडे ताठ मानेने पाहिलं आणि दुसऱ्या आवाजासाठी स्पीकरकडे कान दिला.

स्पीकर नुसता घुमत राहिला.