रिकाम्या यादीची सरासरी

कोड तपासणारा कंपायलर सकाळपासून सुलक्षणाचं डोकं खात होता. यादी रिकामी असेल तर काय करायचं, एवढंच त्याचं विचारणं. जुना प्रोग्रॅम ती नव्या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून काढत होती आणि ही भाषा उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकूच देत नव्हती. जुन्यात ही कटकट नव्हती. रिकाम्या यादीची सरासरी काढताना शून्याने भागाकार होऊन सगळं बंद पडायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी तीच ‘रिकामी असेल तर शून्य’ असं लिहून मोकळी झाली होती.

या वेळी तिने ‘नोंदच नाही’ असं उत्तर लिहिलं आणि नकाशा उघडला. वर्षभरातल्या वजनाच्या नोंदींवरून काढलेली, प्रत्येक पाड्यातल्या कमी वजनाच्या मुलांची मासिक सरासरी त्यावर दिसायची. काल शून्य म्हणून हिरवेगार असलेले अकरा पाडे आज करडे पडले होते.

“सोमवारी साहेबांना दाखवायचंय. आधी ते पहिल्यासारखं हिरवं कर,” मागून तिचे विभागप्रमुख पाठारे सर म्हणाले.

मुलं तर होती तिथे, मग नोंदी कुठे गेल्या? तिने पहिल्याच करड्या पाड्यातल्या अंगणवाडीला फोन लावला.

“वजनकाटा मोडून दीड वर्ष झालं, मॅडम,” सेविका भोयेताई म्हणाल्या. “तीनदा अर्ज दिला. दर वेळी तुमचाच नकाशा दाखवतात. म्हणतात, तुमच्याकडे एकही मूल कमी वजनाचं नाही, तुम्हाला काटा कशाला हवा?”