आत्याचा आवाज

बारशाला बाळाची आत्या चारुलता पाळण्यावर वाकली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, की तिच्या पाठीत धपाटे घालायला बायका हात उगारून उभ्याच होत्या. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"चारू, आवाज गहाण टाकलास?" निरंजनने आपल्या बहिणीला घाबरून विचारलं.

तिने मान खाली घातली. फोनवर ती जो खेळ खेळायची, तो फुकट होता, पण पुढच्या गडावर जायला पैसे तरी मोजायचे, नाहीतर आवाज द्यायचा. हंगाम संपल्यावर तो परत मिळणार होता. कंपनीने हंगामच लांबवला. आता खेळातली राणी चारुलताच्या आवाजात बोलायची, नव्या खेळाडूला नावाने हाक मारायची.

बायका कुजबुजू लागल्या. निरंजनने घाईघाईने खेळ आपल्या फोनवर घेतला, नव्या खेळाडूच्या जागी बाळाचं नाव टाकलं, न वाचताच सगळ्या अटी मान्य केल्या आणि फोन बाळाच्या कानाशी धरला. चारुलता जिवाच्या आकांताने त्याचा हात ओढत होती.

"ये, इरावती," राणी आत्याच्या आवाजात म्हणाली.

बायकांनी हसत चारुलताच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्यात राणीचं पुढचं बोलणं फक्त बाळाने ऐकलं.

"पहिला महिना फुकट. नंतर तुझ्याकडून काय घ्यायचं, ते आम्ही ठरवू."