स्पॅनिशचे वीस मार्क

लेकीच्या वर्गात स्पॅनिशच्या गृहपाठाला वीस मार्क. रोज मोबाइलच्या ॲपवर एक धडा करायचा आणि पाच वाक्यं लिहून बाईंना पाठवायची. तिला भारी कंटाळा. तिने फोन माझ्या शिलाई मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तेवढं उरकून टाका ना."

उरकता उरकता मला नादच लागला. एकदा भरात एका साहेबांची मापं स्पॅनिशमध्ये लिहिली. कारागिराने अंदाजाने कापड कापलं आणि साहेबांना पँटऐवजी बर्मुडा मिळाला.

पालकसभेत बाईंनी लेकीला उभं केलं. "गृहपाठात पैकीच्या पैकी! चल, घराविषयी चार वाक्यं सांग बघू."

ती नखं खात उभी. मला राहवेना. मागच्या बाकावरून मीच घडाघडा बोलून टाकलं. तेवढ्यात एका मुलाच्या आजोबांनी माझी चूक काढली, तीही स्पॅनिशमध्ये. कुणाच्या तरी आईने माझी बाजू घेतली. पाच मिनिटांत सगळे पालक स्पॅनिशमध्ये तावातावाने भांडत होते आणि पोरं आ वासून बघत होती.

शेवटी मी म्हटलं, "बाई, आता तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

बाईंनी आधी दार लोटून घेतलं.



"आज नाही हो सांगता येणार," त्या हळूच म्हणाल्या. "गृहपाठ माझे सासरे तपासतात, आणि त्यांना सर्दी झालीय."