बाथरूममधलं इंटरनेट

मास्तर मोबाइल घेऊन बाथरूममध्ये शिरले, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला.

बायको ओट्यापाशी मोबाइल डब्याला टेकवून केकची कृती बघत होती. केक ती कधीच करणार नव्हती. या घरात प्रत्येक जागेचं इंटरनेट वेगळं होतं. ओट्यापाशी केक, सोफ्यावर मास्तरांच्या मॅचेस, गॅलरीत मुलीचा तो मित्र, ज्याचं नाव तिने ‘अभ्यास’ असं सेव्ह केलं होतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त बाथरूमचा पत्ता लागत नव्हता. महिनाभर मास्तर आत नळ सोडून कुणाशीतरी बोलत होते. बादली भरून वाहायची आणि मास्तर बाहेर यायचे ते कोरडे ठणठणीत.

“बाबांचं लफडं आहे,” मुलीने जाणकार म्हणून मत दिलं होतं. बायकोने ते हसण्यावारी नेलं. त्यानंतर तिच्या हातून दोनदा दूध उतू गेलं.

आज टाकीतलं पाणी संपलं. नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. मास्तर वाक्याच्या मधोमध होते, त्यांना थांबता आलं नाही.

“...हात थरथरतो. कापड कापताना जास्त. मी शिंपी आहे. बरं होतं का हे?”

मोबाइलमधल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की जवळपास तीन शिंपी सापडले आहेत. पहिलं नाव मास्तरांच्याच दुकानाचं होतं.

चष्म्याचा नंबर वाढलाय, सुईत दोरा ओवून दे, असं मास्तर हल्ली रोज म्हणायचे. बायको मुकाट्याने ओवून द्यायची. तिने गॅस बंद केला आणि सोफ्यावर जाऊन बसली.

“अहो,” तिने तिथूनच हाक मारली, “बाहेर या. इथे रेंज चांगली आहे.”

आतली कडी बराच वेळ नुसतीच खडखडत राहिली. मग मास्तर आले आणि आपल्या मॅचच्या जागी बसले. मुलगी गॅलरीतून आत आली. ‘अभ्यास’ला तिने नंतर बोलते म्हणून सांगितलं आणि टीव्ही बंद केला.

बायकोने मास्तरांच्या हातातला मोबाइल काढून घेतला, त्यांच्या तोंडापुढे धरला.

“बोला. मी धरते. फक्त शिंपी असल्याचं सांगू नका, नाहीतर परत तुमच्याच दुकानात पाठवेल.”

आत नळाला पाणी आलं. बादली भरली, वाहू लागली. बंद करायला कुणी उठलं नाही.